तूप सांडलेलं पान

आमची सून काय करते, या साध्या प्रश्नाला मी नऊ वर्षं तीन उत्तरं देत होते. सोसायटीतल्या बायकांनी विचारलं तर "दहावीच्या मुलांना गणित शिकवते." नात्यातल्या लग्नात कोणी नाक वर करून विचारलं तर "पायलट आहे." आणि माझं मलाच विचारलं तर उत्तर नाही. मी मंदाकिनी परचुरे. महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. एका प्रश्नाला तीन उत्तरं लिहिणाऱ्या मुलाला मी शून्य दिलं असतं.

हेमा विश्रांतवाडीच्या पलीकडची. तिथे तिच्या घरची शेती होती, आता इमारती आहेत. लोहगावचा विमानतळ जवळ. लग्न ठरवायला आम्ही गेलो तेव्हा तिचे वडील सर्जेराव, ती त्यांना अण्णा म्हणते, मला म्हणाले, "घरावरनं इमान गेलं की आमची म्हस पान्हा चोरायची बगा. तवाच म्हनलं, थांब, ह्या पोरीलाच वर बशिवतो." आणि खरंच बसवलं त्यांनी. पोरगी कंपनीत सहवैमानिक झाली. आमचा माधव कॉम्प्युटरवाला, दोघांची कॉलेजातली ओळख. शनिवार पेठेतल्या आमच्या नातेवाइकांनी मला विचारलं, "शेतकऱ्याची मुलगी करताय?" मी म्हटलं, "तुमच्याकडे वैमानिक असेल तर दाखवा, विचार करते." त्यानंतर कोणी विचारलं नाही.

पोरगी पहिल्यापासून शिस्तीची. घराबाहेर पडताना प्रत्येक गोष्टीला बोट लावून तोंडाने म्हणणार: गॅस बंद, गिझर बंद, खिडकी बंद, किल्ली. नुसतं बघून चालत नाही म्हणायची, बोट लागलं पाहिजे. विमानात तशी पद्धत असते म्हणे. आधी मला हसू यायचं. आता मीही तसंच करते, आणि गेली कित्येक वर्षं आमचा गॅस चालू राहिलेला नाही.

आता मुद्द्याचं. जून २०१० मध्ये हेमाने विमान सोडलं आणि ते माझ्यामुळे सोडलं. निदान मी तसं धरून चालले होते.

झालं असं की शाल्मली, आमची नात, दहा महिन्यांची होती. हेमा बाळंतपणाची रजा संपवून पुन्हा कामावर जायला लागली होती. त्या दिवशी पोरीला ताप चढला. एकशे तीन. माधव परगावी, हे तर त्याआधीच वारलेले, आणि मी एकटी तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले. हेमा संध्याकाळी आली ती युनिफॉर्मवर, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, पोरीच्या काळजीने. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पोरगी की विमान, एक काय ते ठरव बाई. मला या वयात दोन्ही सांभाळता येणार नाही."

तिने पोरीला उचललं, खोलीत गेली. चार दिवसांनी राजीनामा दिला. माझं बोलणं असं तडकाफडकी कोणी अमलात आणेल याची मला सवय नव्हती. चौतीस वर्षं वर्गात "बोलू नका" म्हणत होते, कोणी ऐकलं होतं का? मला म्हणायचं होतं, अगं, मी रागात बोलले. पण म्हणाले नाही. आज म्हणू, उद्या म्हणू, असं करता करता तिने गणिताचा क्लास काढला, मुलं येऊ लागली, आणि मग ते म्हणायला जागाच राहिली नाही. ती ज्या कंपनीत होती ती कंपनीसुद्धा दोन-तीन वर्षांत बंद पडली. मी मनात म्हटलं, बरं झालं, तशीही गेलीच असती नोकरी. पण ते काही मनाला पटलं नाही.

आता दसऱ्याचं सांगते, कारण घोळ तिथे आहे.

हेमाच्या माहेरी खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ, ट्रॅक्टरच्या किल्ल्या धुऊन पुसून मांडतात. आमच्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुस्तकं मांडतात. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी तिला म्हटलं, "तुझं हत्यार आण गं." तर ती तिचं लॉगबुक घेऊन आली. जाड बांधणीची वही असते ती. प्रत्येक उड्डाणाची तारीख, कुठून कुठे, किती तास, शेजारी कोण, सगळं हाताने लिहायचं. वैमानिकाची सारी कमाई त्यात. मी म्हटलं, हे हत्यार की पुस्तक? ती म्हणाली, "दोन्ही." मग दोन्ही पद्धतींनी पूजा झाली. तिच्या माहेरच्यासारखं वहीच्या पुठ्ठ्यावर कुंकू तिने लावलं.

राजीनाम्यानंतरच्या दसऱ्याला मात्र तिने काही आणलं नाही. शाल्मलीचं चित्रांचं पुस्तक मांडलं, माझं शब्दकोशाचं बाड मांडलं, माधवने लॅपटॉप मांडला. तिचं काहीच नाही. ती स्वयंपाकघरात श्रीखंड ढवळत होती. मला ते बघवेना. मी तिच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातून युनिफॉर्मच्या पिशवीतलं लॉगबुक काढलं, माझ्या खोलीत नेलं, आमच्या पद्धतीने शेवटचं लिहिलेलं पान उघडलं, हळदीकुंकवाचं बोट टेकवलं, झेंडूची पाकळी आणि आपट्याचं पान ठेवलं, निरांजन ओवाळलं. दुसऱ्या दिवशी हिरव्या खणात गुंडाळून होतं तिथे ठेवून दिलं. कोणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा. असे नऊ दसरे. २०१४ साली ओवाळताना हात हलला आणि निरांजनातलं तूप पानावर सांडलं. मी पदराने टिपलं. सुकेल म्हटलं.

हे मी का करत होते, ते मला विचारू नका. तिने परत जावं असं वाटत होतं का? कधी वाटायचं, कधी नाही. ती गेली तर पोरीचं दप्तर, डबा, क्लास सगळं माझ्या गळ्यात, हे मला कळत नव्हतं थोडंच? पण दसरा आला की माझा हात त्या कप्प्याकडे जायचा. तळ्यात-मळ्यात चाललं होतं माझं, या वयात.

२०१९ च्या एप्रिलमध्ये हेमाने जेवताना सांगितलं की एका नव्या कंपनीची जाहिरात आली आहे. मध्ये खंड पडलेले सहवैमानिकही घेणार आहेत. आधी कागदपत्रं, मग हैदराबादला सिम्युलेटरमध्ये परीक्षा. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर ठेवलेलं खोटं विमान, आत बसल्यावर मात्र सगळं खऱ्यासारखं. पास झाली तर पुढचं प्रशिक्षण त्यांचं. "अर्ज करू का?" तिने विचारलं.

माधव म्हणाला, "तुला वाटतं ते कर." हे त्याचं ठरलेलं वाक्य. या वाक्याने आमच्या घरातली एकही गोष्ट आजवर मार्गी लागलेली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "आमटी वाढ."

अर्ज केला तिने. मग पाच महिने नुसती धावपळ. डोळे तपासा, कान तपासा, हृदय तपासा. रेडिओवर बोलायची परीक्षा पुन्हा द्या. सकाळी क्लास, दुपारी जाडजूड पुस्तकं. गच्चीवर कपडे वाळत घालताना एकटीच पुटपुटायची, "वारा पश्चिमेचा, बारा." बारा हा वाऱ्याचा वेग म्हणे. एकदा मी विचारलं, "काय गं, हवंय ना तुला हे?" तर म्हणाली, "माहीत नाही, आई." सदतीस वर्षांची बाई, रोज पहाटे उठून अभ्यास करते आणि कशासाठी ते माहीत नाही. मी म्हटलं, "मग अभ्यास कशाला करतेस?" म्हणाली, "नाही केला तर नापास होईन ना."

सप्टेंबर उजाडला. लॉगबुकाच्या सगळ्या पानांच्या प्रती सोमवारपर्यंत पाठवायच्या होत्या. शुक्रवारी सकाळी तिने वही खाली काढली आणि तेव्हा मला ते सांडलेलं तूप आठवलं. पाच महिने मला हे सुचलंच नव्हतं! खणाची घडी सुटली. शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटलेली. तिने हलकेच नखाने सोडवली. आत पिवळं, लाल, तुपकट. आपट्याची नऊ पानं वाळून तपकिरी झालेली. शेवटच्या ओळीतली शाई तुपाने पसरून निळं डबकं झालं होतं. सही कोणाची, उतरवलं कोणी, खालची तासांची बेरीज किती, काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"आई, हे कोणी केलं?"

"मी."

"कधी?"

"दर दसऱ्याला."

ती पानावर वाकली, बोटांचे ठसे मोजत होती बहुतेक. मग म्हणाली, "पण मी तर सोडलं होतं."

"तू सोडलं होतंस. देवाला कोणी कळवलं नव्हतं," मी म्हटलं. तोंडाने असं फटकन बोलून मोकळी झाले, पण आतून मला रडू येत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नऊ वर्षांपूर्वी जिभेने घात केला आणि आता हाताने.

तिने मला शांतपणे समजावून सांगितलं. त्या शेवटच्या फेरीत विमान उतरवलं होतं तिने, म्हणून शेजारच्या कॅप्टनची सही होती. ती सही आणि ती बेरीज वाचता आली नाही तर कंपनी अर्ज बाजूला ठेवणार. एकच मार्ग. त्या कॅप्टननी स्वतःच्या लॉगबुकातून नोंद बघून नव्याने दाखला द्यायचा. कॅप्टन दिगंबर निमकर. निवृत्त होऊन विश्रांतवाडीत राहत होते, तिच्या माहेरापासून दहा मिनिटांवर. नऊ वर्षांत ती माहेरी शंभरदा गेली असेल, त्यांच्याकडे एकदाही नाही.

"मीही येते," मी म्हटलं.

"तुम्ही कशाला?"

"पान मी खराब केलंय. गुन्हेगार हजर पाहिजे."

शनिवारी सकाळी रिक्षा केली. बिबवेवाडी ते विश्रांतवाडी म्हणजे अख्खं पुणे ओलांडायचं. वाटेत ती नुसती खणातली वही मांडीवर घट्ट धरून बसली होती. मला वाटलं, माझ्यावर रागावली आहे. हक्कच होता तिचा.

निमकर सत्तरी ओलांडलेले, ताठ, पांढऱ्या मिशा. एकटेच राहत होते. स्वतः चहा केला, साखर विचारून घातली. मी सांगितलं, "हे पान मी पूजा करून घालवलं." त्यांनी वही हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "साजूक आहे." मला त्यांचा राग यायचा राहिला.

मग त्यांनी कपाटातून त्यांची लॉगबुकं काढली. अकरा होती. त्यातलं एक उघडून पानं उलटली. "जून दोन हजार दहा. सव्वीस. नागपूर ते पुणे."

हेमा म्हणाली, "सर, मला तुम्हाला एक सांगायचंय. ती नोंद मी चुकीची लिहिली होती." तिने त्या डागाळलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "त्या दिवशी धावपट्टीला आडवा वारा होता. पहिल्यांदा मी नीट आणलं नाही, आपण परत वर गेलो. दुसऱ्यांदा खाली येताना विमान एका चाकावर टेकलं आणि माझ्या हाताला काही कळेना. तेव्हा विमान तुम्ही हातात घेतलंत. तुम्ही उतरवलंत. मी मात्र लिहिताना माझ्या नावावर लिहिलं, आणि तुम्ही सही केलीत. तुम्ही दया केलीत माझ्यावर."

मी चहाचा कप खाली ठेवला. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

निमकरांनी मान खाली घालून पानावरून बोट फिरवलं. "सव्वीस जून. आडवा वारा, बावीस. एकदा परत वर. उतरवलं, सहवैमानिक हेमा." मग वर बघितलं. "असं लिहिलंय बघ इथे. मी घेतलं असतं तर मी लिहिलं असतं."

"पण सर, तुमचा हात माझ्या हातावर होता."

"हात होता," ते म्हणाले. "जोर नव्हता. उतरवलंस तूच."

"मला जोर आठवतोय."

"घाबरलेल्या माणसाला पुष्कळ काही आठवतं." त्यांनी वही मिटली, कागद घेतला आणि दाखला लिहायला बसले. लिहिता लिहिता विचारलं, "परत यायचंय तुला?"

"माहीत नाही, सर."

"चालेल. मलाही चाळीस वर्षं रोज सकाळी माहीत नसायचं," ते म्हणाले, आणि सही करून कागद तिच्या हातात दिला.

आम्ही निघालो. जिन्यात आल्यावर मला एकदम आठवलं. निमकरांनी नोंद वाचून दाखवली तेव्हा त्यांचा चष्मा टेबलावर साखरेच्या डब्याशेजारी होता. दाखला लिहायला बसले तेव्हा त्यांनी तो उचलून घातला. मग वाचलं कसं? काही माणसांना जवळचं तसंच दिसतं, माझ्या बहिणीला दिसायचं. की वाचलंच नाही, मनाने बोलले? परत वर जाऊन वही मागून बघावी असं वाटलं. दोन पायऱ्या चढलेही. हेमाने खालून विचारलं, "काय राहिलं, आई?" मी म्हटलं, "काही नाही, गुडघा आखडला जरा." आणि खाली आले. तिला सांगितलं नाही. खोटं असेल तर ते त्या माणसाचं होतं, आणि खरं असेल तर मी उगाच माती कालवली असती.

रिक्षा मिळाली. येरवड्याच्या पुलापाशी माझा पारा चढला.

"म्हणजे तू माझ्या बोलण्याने नोकरी सोडली नाहीस?"

ती खाली बघत राहिली. "मला भीती वाटली होती, आई. त्या दिवशी मागे बासष्ट माणसं होती. घरी येईपर्यंत मी रस्ताभर हाच विचार करत होते की आता घरी काय सांगू. सगळ्या माहेराला अभिमान. अण्णांनी केवढं केलं माझ्यासाठी. भीती वाटते म्हणून सोडते, असं कसं सांगणार? आणि मी दारात आले तर तुम्हीच म्हणालात, पोरगी की विमान. मला सुटल्यासारखं झालं."

"सुटल्यासारखं?" मी म्हटलं. "आणि मी? नऊ वर्षं मी अपराधी म्हणून वावरले या घरात. तुला भाजी आवडली नाही तरी मला वाटायचं, विमानाचंच दुखणं असेल. तुझ्या क्लासची मुलं धिंगाणा घालायची, मी तोंडातून ब्र काढला नाही. नऊ दसरे चोरासारखी कपाट उघडत होते. आणि बाईसाहेब सुटल्या होत्या."

रिक्षावाला आरशातून बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "समोर बघा."

हेमा म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला मी घरात हवी होते."

"हवी होतीस की," मी म्हटलं. "म्हणून काय झालं?"

आणि मग आम्ही दोघीही रडायला लागलो. मी रागाने रडत होते की आणखी कशाने, ते मला आजही सांगता येणार नाही. डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून बरं वाटत होतं, आणि ते ओझं मुळात माझं नव्हतंच म्हणून तळपायाची आग मस्तकाला जात होती. स्वारगेटला रिक्षावाल्याने आपणहून गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "मावशी, पाणी आणू का?" आम्ही पाणी प्यायलो आणि घरी आलो.

सोमवारी कागद गेले. दहा दिवसांनी हैदराबादची तारीख आली. परीक्षा दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. माधव सुट्टी घेतो म्हणाला, चक्क स्वतःहून. त्याने शाल्मलीच्या डब्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी पोळी-भाजी, बुधवारी पोळी-भाजी. असो, लावलं तर खरं.

निघायच्या सकाळी मी तिच्या हातावर दही घालायला वाटी घेऊन दाराशी उभी होते. माधव बॅग घेऊन खाली गेला होता, शाल्मली लिफ्ट धरून उभी. हेमाने नेहमीसारखं बोट लावत मोजायला सुरुवात केली. "तिकीट. चष्मा. लायसन. मेडिकल." लॉगबुकापाशी आल्यावर बोट थांबलं. वही तिने माझ्याच खणात गुंडाळून घेतली होती. तिने तो खण सोडला, घडी घालून माझ्या हातात दिला, आणि एकदम खाली बसली, चपलांच्या कपाटापाशी, फरशीवर.

"आई, एकदा नको म्हणा ना."

"काय?"

"तुम्ही एकदा नको म्हणा. मी थांबते. तुमचं वय झालंय, पोरीची पाचवीच्या स्कॉलरशिपची तयारी आहे, सगळं खरंच आहे. तुम्ही नुसतं म्हणा."

खरं सांगू? माझ्या ओठांवर आलं होतं. माझे गुडघे, पोरीचा अभ्यास, ते पोळी-भाजीचं वेळापत्रक. आणि वर तो टेबलावरचा चष्मा. पुन्हा कुठे आडवा वारा लागला, आणि निमकर त्या दिवशी नुसते चांगुलपणाने बोलले असले तर? तिला सांगायला हवं होतं का मी? तेव्हाही कळलं नाही, आत्ताही कळत नाही. एक शब्द पुरला असता. तिने तो हसत घेतला असता आणि मला जन्मभर दुवा दिला असता.

मी म्हटलं, "हे बघ, ते काम मी एकदा केलं. आता मी निवृत्त झालेय. थांबायचं तर तुझ्या नावावर थांब, जायचं तर तुझ्या नावावर जा. माझ्या नावावर आता काही लिहायचं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. लिफ्टचं दार दोनदा मिटून उघडलं. शाल्मली म्हणाली, "आई, लिफ्ट ओरडतेय."

हेमा उठली. हात पुढे केला. मी दही घातलं, ते तिने खाल्लं, हात पुसला आणि उरलेलं बोट लावून संपवलं. "लॉगबुक. किल्ली राहू दे, तुम्ही आहात." मग वाकून नमस्कार केला आणि "येते" म्हणून गेली. मी दार लावलं, गॅस बंद आहे का ते बोट लावून बघितलं. बंद होता.

पुढचे दोन दिवस ती पास व्हावी म्हणून देवापाशी बसायचे आणि नेमकं काय मागायचं तेच ठरेना. नापास झाली तर ती मोडेल. पास झाली तर मी एकटी पडेन. शेवटी म्हटलं, तुला वाटतं ते कर. आणि मग लक्षात आलं, हे तर माधवचं वाक्य. कुठून शिकला तो, ते तेव्हा कळलं.

खंडेनवमीला दुपारी अडीच वाजता फोन वाजला.

"आई."

"बोल."

"आडवा वाराच दिला. पंचवीसचा. दोनदा दिला."

"मग?"

"शेजारी जो बसला होता त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. मी बघून घेतले." मग म्हणाली, "दोन्ही वेळा मीच उतरवलं. घेतलंय त्यांनी मला, आई. उद्यापासूनच वर्ग आहेत, दसऱ्याला नाही यायला जमणार."

मी "बरं" म्हटलं. जेवलीस का ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी पूजा मांडली. पाटीवर सरस्वती शाल्मलीने काढली. तिचं विज्ञानाचं पुस्तक, माझा शब्दकोश, माधवचा लॅपटॉप. उरलेल्या जागेत मी तो हिरवा खण घडी करून ठेवला. शाल्मलीने उचलून बघितलं आणि म्हणाली, "आजी, आत काहीच नाहीये."

"माहीत आहे," मी म्हटलं. "ते कामावर गेलंय." आणि खणाला कुंकवाचं बोट लावलं.